दारूच्या समुपदेशनासाठी गावातले समुपदेशक कसे घडवावेत

दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या दर 38 माणसांपैकी जेमतेम एकाला कसले ना कसले उपचार मिळतात. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या आणि 2019 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीतला हा आकडा आहे. तालुक्याच्या गावातही मानसोपचारतज्ज्ञ सापडत नाही, तिथे वाडीवस्तीवर कोण जाणार? म्हणून गावातल्याच माणसाला शिकवून त्याच्याकडून शास्त्रशुद्ध समुपदेशन करून घ्यायचं, हा मार्ग उरतो.

तो चालतो याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने डॉ. अभिजित नाडकर्णी, डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांच्या पुढाकाराने ‘काउन्सेलिंग फॉर अल्कोहोल प्रॉब्लेम्स’, म्हणजे ‘कॅप’, ही पद्धत तयार केली. मानसिक आरोग्याचं कोणतंही पूर्वशिक्षण नसलेले स्थानिक समुपदेशक, 10 प्राथमिक आरोग्य केंद्रं, 377 पुरुष रुग्ण आणि प्रत्येकाशी जास्तीत जास्त चार सेशन्स. तीन महिन्यांनी नेहमीच्या उपचारांच्या गटातले 26 टक्के पुरुष धोकादायक पिण्यातून बाहेर आले होते, तर समुपदेशन मिळालेल्या गटातले 36 टक्के. मागच्या 14 दिवसांत अजिबात न प्यायलेल्यांचं प्रमाण 18 विरुद्ध 42 टक्के होतं. बारा महिन्यांनीही फरक टिकून होता.

हे यश पाहून बऱ्याच संस्था पाच दिवसांची कार्यशाळा घेतात, प्रमाणपत्रं वाटतात आणि कार्यकर्त्यांना कामाला लावतात. तिथेच गाडं अडतं. कार्यशाळेतून माहिती मिळते, कौशल्य येत नाही. प्रेरणात्मक संवाद म्हणजे बदलाची कारणं रुग्णाच्याच तोंडून यावीत अशी बोलण्याची पद्धत. तिच्या प्रशिक्षणावर 2004 साली अमेरिकेत 140 व्यावसायिकांवर अभ्यास झाला. नुसती कार्यशाळा केलेल्यांचं कौशल्य काही महिन्यांत ओसरत गेलं. कार्यशाळेनंतर ज्यांच्या प्रत्यक्ष सेशनचं रेकॉर्डिंग ऐकून अभिप्राय किंवा मार्गदर्शन दिलं गेलं, त्यांचं टिकलं. पुढच्या मजकुरात निवडीपासून शेवटच्या परीक्षेपर्यंत सगळं येईल, पण पैसे आणि वेळ कमी असतील तर वर्गाचे दिवस कापा, रेकॉर्डिंग ऐकण्याचे तास कापू नका.

माणसं निवडताना

किमान दहावी, शक्यतो बारावी, स्थानिक बोली सहज येणं आणि आठवड्यातले निदान तीन दिवस मोकळे असणं, एवढ्या अटी पुरतात. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, झालेला उमेदवार आपोआप चांगला ठरत नाही. उलट दोन वर्षं ‘सल्ला देणं’ शिकून आलेल्याची सवय मोडायला जास्त वेळ जातो.

मुलाखतीत प्रश्न विचारण्यापेक्षा दहा मिनिटांचा रोल प्ले घ्या. तुमच्यापैकी एकाने पिणाऱ्या माणसाची भूमिका करायची आणि उमेदवाराला एवढंच सांगायचं, ‘हे काका दवाखान्यात आलेत, यांच्याशी बोला.’ बघायच्या गोष्टी तीन. समोरच्याचं बोलणं पूर्ण होऊ देतो का? पहिल्या दोन मिनिटांत उपदेश सुरू करतो का? आणि सर्वात महत्त्वाचं, रोल प्ले थांबवून एक सूचना दिल्यावर दुसऱ्या फेरीत काही बदलतो का? सुधारणा पटकन उचलणारा उमेदवार आज थोडा अडखळत असला तरी घ्या. छान बोलणारा पण सूचना अंगाला न लावून घेणारा सोडून द्या.

स्वतः व्यसनातून बाहेर पडलेले कार्यकर्ते ही मोठी ताकद असते. पुण्याच्या मुक्तांगणसारख्या केंद्रांनी ते गेली अनेक वर्षं दाखवून दिलं आहे. अशा माणसासमोर रुग्ण लवकर मोकळा होतो. धोका एकच, की आपण ज्या वाटेने बाहेर आलो तीच एकमेव वाट आहे असं वाटणं. त्यांना घेताना किमान एक वर्ष व्यसनमुक्त असण्याची अट ठेवा आणि सेशनमध्ये स्वतःची गोष्ट सांगायची नाही हा नियम पहिले सहा महिने कडक पाळा.

दहा जणांना शिकवायला घेतलं तर सहा-सात टिकतील असं धरून चाला. गट बारापेक्षा मोठा करू नका, कारण प्रत्येकाचं रेकॉर्डिंग कोणीतरी ऐकायचं आहे.

आधी हद्द आखा

समुपदेशकाला काय करायचं नाही, हे वर्गाच्या पहिल्या दिवशी शिकवा. कॅपची मुख्य चाचणी ‘ऑडिट’ या पिण्याचा धोका मोजणाऱ्या प्रश्नावलीत 12 ते 19 गुण असलेल्या पुरुषांवर झाली, म्हणजे पिणं घातक झालंय पण शरीर पूर्ण जखडलेलं नाही अशांवर. 20 आणि त्यावर गुण असलेल्यांवर वेगळी, छोटी चाचणी झाली, तिच्यात स्पष्ट फरक दाखवता आला नाही. म्हणून 20 किंवा त्यावर गुण असलेला माणूस आधी डॉक्टरकडे जायला हवा. समुपदेशन त्याच्या उपचारांचा एक भाग असेल, पूर्ण उपचार नव्हे.

रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली तर साधारण 6 ते 24 तासांत हात थरथरणं, घाम, मळमळ, अस्वस्थपणा सुरू होतो. फिट येण्याचा धोका पहिल्या 48 तासांत जास्त असतो. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भान हरपणं, भास होणं, जागा आणि माणसं न ओळखणं अशी अवस्था आली तर ती जिवावर बेतू शकते. हे वेळापत्रक प्रत्येक प्रशिक्षणार्थीला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे.

आपल्याकडे याला एक खास वळण आहे. श्रावण लागला, गणपती बसले, पंढरीची माळ घातली, की माणसं एका रात्रीत दारू बंद करतात. जो अधूनमधून पितो त्याला काही होत नाही. पण सकाळी उठल्याउठल्या ज्याला घोट लागतो त्याच्यासाठी श्रावणाचे पहिले चार दिवस धोक्याचे असतात. म्हणून गटारीच्या आधीचे दोन आठवडे समुपदेशकांनी आपल्या यादीतल्या प्रत्येक रोज पिणाऱ्याला भेटून तीन प्रश्न विचारायचे: सकाळी हात थरथरतात का? याआधी दारू बंद केल्यावर कधी फिट आली होती का, भास झाले होते का? शेवटची कधी प्यायलात? पहिल्या दोनपैकी एकाचंही उत्तर ‘हो’ आलं तर दारू डॉक्टरच्या देखरेखीखालीच बंद करायची.

लगेच दवाखान्यात पाठवायच्या बाकीच्या खुणा: रक्ताची उलटी, डोळे किंवा लघवी पिवळी होणं, पोटात पाणी, ताप, डोक्याला मार, गोंधळलेपणा, आणि आत्महत्येचा विचार. शेवटच्या गोष्टीबद्दल थेट विचारायला शिकवा. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं विचारल्याने ते विचार डोक्यात येत नाहीत, उलट माणसाला बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ असेल तर माणसाला एकटं सोडायचं नाही, घरात फवारणीचं औषध कुठे ठेवलंय ते विचारायचं आणि ते त्याच दिवशी दुसरीकडे हलवायला लावायचं. मानसिक आरोग्याच्या टेलिमानस हेल्पलाइनचा 14416 आणि व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा 14446 हे क्रमांक ओळखपत्राच्या मागे छापून घ्या.

गर्द किंवा इतर अफूजन्य पदार्थ घेणाऱ्यांचा मामला वेगळा आहे. तिथे ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोनसारखी औषधं हाच उपचारांचा कणा असतो. शिवाय काही दिवस बंद ठेवून पुन्हा पूर्वीइतकाच डोस घेतला तर शरीराची सवय गेलेली असल्याने मृत्यू होऊ शकतो. या रुग्णांना नव्या समुपदेशकाने एकट्याने हाताळू नये.

वर्गातले दहा दिवस

दहा दिवस सलग घेण्यापेक्षा सहा आणि चार असे दोन टप्पे करा, मध्ये दोन आठवडे ठेवा. त्या दोन आठवड्यांत प्रत्येकाने पाच ओळखीच्या माणसांना ऑडिट प्रश्नावली विचारून यायचं. भाषण दिवसाला दीड तासापेक्षा जास्त नको, बाकी सगळा वेळ तिघांच्या गटात सराव: एक समुपदेशक, एक रुग्ण, एक निरीक्षक, दर पंधरा मिनिटांनी भूमिका बदलत.

ऑडिट ही जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची, 40 गुणांची प्रश्नावली. 8 च्या खाली धोका कमी, 8 ते 15 धोकादायक पिणं, 16 ते 19 घातक आणि 20 पासून पुढे बहुधा अवलंबित्व. हे सोपं वाटतं म्हणून अर्ध्या तासात उरकलं जातं आणि पुढे सगळे आकडे चुकतात. हिच्यासाठी पूर्ण एक दिवस द्या, कारण मुख्य गोंधळ मोजण्यात आहे.

एक युनिट म्हणजे 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. हिशेब असा: मिलिलिटर गुणिले बाटलीवरचा टक्का, भागिले 100, गुणिले 0.8. आलेले ग्रॅम दहाने भागले की युनिट. 42.8 टक्क्यांच्या दारूचे 30 मिली म्हणजे एक युनिट. घरात ओतलेला पेग बहुतेक वेळा 60 मिलीचा, म्हणजे दोन. नाइंटी म्हणजे तीन, क्वार्टर म्हणजे सहा. 5 टक्क्यांच्या बिअरची 650 मिलीची बाटली अडीच युनिट, 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची चार. देशीच्या बाटलीवरचा टक्का वाचून मगच हिशेब करायचा. हातभट्टीचा टक्का कोणालाच माहीत नसतो, तिथे ग्लास किती आणि कितीदा भरतो एवढंच लिहायचं आणि पुढे ‘अंदाज’ असं नोंदवायचं.

आता एक माणूस घ्या. तो सांगतो, ‘जास्त नाही, रोजची एक क्वार्टर.’ कच्चा समुपदेशक दुसऱ्या प्रश्नात ‘एक किंवा दोन’ला खूण करतो, तिसऱ्यात, म्हणजे एका बैठकीत सहा किंवा जास्त पेयं कितीदा, तिथे ‘कधीच नाही’. पहिल्या तीन प्रश्नांचे मिळून चारच गुण होतात आणि माणूस ‘ठीक आहे’ म्हणून घरी जातो. खरा हिशेब: पहिल्या प्रश्नाचे चार, सहा युनिट म्हणून दुसऱ्याचे दोन आणि रोज सहा म्हणून तिसऱ्याचे चार. पहिल्या तीनमध्येच दहा. म्हणजे मोजण्याच्या एका चुकीने माणूस उपचारांबाहेर फेकला जातो. वर्गात रिकाम्या बाटल्या, स्टीलचे पेले, प्लॅस्टिकचे ग्लास आणि मोजमापाचा कप ठेवा. प्रत्येकाने ‘घरी ओततात तसा’ पेग पाण्याने ओतून मोजून बघायचा.

दुसरी नेहमीची चूक शेवटच्या दोन प्रश्नांत होते. त्यांना पाच नव्हे, तीनच पर्याय आहेत आणि गुण 0, 2, 4 असे मिळतात. अनेक जण तिथे 0, 1, 2 लावून मोकळे होतात.

प्रश्न वाचताना बायको किंवा आई शेजारी बसलेली असेल तर उत्तरांवर विसंबू नका. आधी वेगळं बसवण्याची सोय, मग प्रश्नावली.

बोलण्याची पद्धत

वर्गाचा सर्वात मोठा वाटा इथे द्या, दहापैकी चार दिवस. पाया प्रेरणात्मक संवादाचा आहे. विल्यम मिलर यांनी ही पद्धत 1983 साली मांडली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत विकसित केली. गाभा असा, की दारू सोडण्याची कारणं समुपदेशकाने सांगितली तर रुग्ण दारूची बाजू मांडतो. तीच कारणं रुग्णाच्या तोंडून आली तर तो बदलाकडे सरकतो. समुपदेशकाचं काम ती कारणं ऐकून, उचलून, त्याच्याच हाती परत देण्याचं.

एक वाक्य घेऊन वर्गात तासभर काम करा. रुग्ण म्हणतो: ‘दिवसभर हमाली करून अंग मोडून येतं. दोन पेग पोटात गेल्याशिवाय डोळा लागत नाही. बायकोला वाटतं मी मजा मारतो. पोरगी आता मोठी झाली, तिच्यासमोर जरा बरं नाही दिसत.’

पहिल्या दिवशी दहापैकी आठ जण म्हणतील, ‘पण दारूने झोप अजून बिघडते, माहीत आहे का तुम्हाला?’ माहिती खरी आहे, वेळ चुकीची. रुग्ण लगेच आपल्या झोपेची वकिली सुरू करतो.

साधा पडसाद: ‘अंग इतकं दुखतं, की घेतल्याशिवाय झोप येत नाही.’ रुग्णाचंच म्हणणं, खाली उतरत्या सुरात, प्रश्नचिन्ह न लावता. खोल पडसाद: ‘एवढे कष्ट करतो त्याची घरात कोणाला जाणीव नाही, हे जास्त लागतंय.’ इथे न बोललेलं बोलून दाखवलंय. चुकलं तरी रुग्ण दुरुस्त करतो आणि संवाद पुढेच जातो. आणि तिसरा, ज्याच्यासाठी कान तयार करायचे: ‘पोरीने आपल्याला या अवस्थेत बघू नये असं वाटतंय.’ चार वाक्यांत बदलाकडे झुकणारं वाक्य हेच एक होतं. नवखा समुपदेशक झोपेत अडकतो, तयार समुपदेशक पोरीपाशी थांबतो आणि विचारतो, ‘तिच्याबद्दल अजून सांगा.’

‘का’ने सुरू होणारे प्रश्न पहिल्या महिन्यात बंदच करा. ‘का पिता?’ या प्रश्नाला जबाबच मिळतो, माहिती मिळत नाही. ‘प्यायल्याने काय बरं वाटतं?’ आणि मग ‘आणि काय नको वाटतं?’ या जोडीने तीच माहिती वाद न होता मिळते. दारूचे फायदे विचारायला कार्यकर्ते घाबरतात. घाबरू नये. माणसाला दारू काय देते हे कळल्याशिवाय तिच्या जागी काय ठेवायचं हे ठरणार नाही.

सल्ला द्यायचाच असेल तर परवानगी घेऊन: ‘काका, झोपेबद्दल एक गोष्ट माहीत आहे, सांगू का?’ सांगून झालं की, ‘तुम्हाला काय वाटतं यावर?’ वयाने मोठ्या रुग्णाला काका, भाऊ किंवा दादा आणि नेहमी ‘तुम्ही’. बावीस वर्षांच्या मुलीला पन्नाशीच्या माणसाशी दारूवर बोलायचं असतं, तिथे हा मान दोघांनाही सांभाळून घेतो. ‘बेवडा’, ‘दारुडा’ हे शब्द कार्यालयातल्या गप्पांतही नकोत. पाठीमागे वापरलेला शब्द सेशनमधल्या सुरात उतरतोच.

चार सेशन्समध्ये काय बसवायचं

प्रत्येक सेशन साधारण 30 ते 45 मिनिटांचं, आठवड्याने किंवा पंधरवड्याने.

पहिल्यात ऑडिटचे गुण आणि त्याचा अर्थ रुग्णासमोर ठेवायचा. कागदावर त्याच्यादेखत हिशेब करा: आठवड्याला किती युनिट आणि किती रुपये. रुपयांचा महिन्याचा आकडा त्यानेच काढू द्यायचा, आपण नुसतं थांबायचं. मग बदलाचा बेत: पूर्ण बंद की कमी, कोणत्या दिवसापासून, मदतीला कोण, आड काय येईल. अवलंबित्वाच्या खुणा असतील, यकृताचा आजार असेल किंवा बाई गरोदर असेल तर सल्ला पूर्ण बंदचाच. बाकीच्यांना ‘कमी’ हा पर्याय नाकारला तर ते दुसऱ्या सेशनला येतच नाहीत. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात यावर मतभेद आहेत. पण घातक पिणाऱ्यांच्या या गटासाठी दारं उघडी ठेवणं योग्य, असं आमचं ठाम मत आहे.

मधल्या दोन सेशन्समध्ये कौशल्यं, रुग्णाला लागतील तेवढीच. सगळी शिकवायचा हट्ट नको. नकार देणं, ओढ आल्यावर काय करायचं, अडचणी सोडवणं आणि राग-चिंता हाताळणं, यांतली बहुतेकांना दोनच लागतात.

नकाराचा सराव उभं राहून, खऱ्या शब्दांत घ्या. समुपदेशक मित्र होतो: ‘अरे घे एकच, माझी शपथ आहे तुला.’ रुग्ण बहुतेक वेळा म्हणतो, ‘आज नको, गोळ्या चालू आहेत.’ हा नकार उद्यापर्यंतच टिकतो, कारण मित्र विचारणारच, ‘गोळ्या संपल्या का?’ टिकणारा नकार लहान असतो: आधी ‘नाही’, मग ‘मी सोडली’, लगेच दुसरी गोष्ट, ‘चहा सांग’, आणि पुन्हा आग्रह झाला तर ‘मला परत विचारू नकोस’. नजर समोर, पाय बाहेरच्या दिशेला. तीनदा म्हणवून घ्या, पहिल्या दोनदा तोंडातून नीट निघत नाही.

ओढ ही लाटेसारखी चढते आणि ओसरते, बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत. त्या अर्ध्या तासासाठी रुग्णाची स्वतःची यादी हवी: जेवून घेणं, गोठ्यात जाणं, ठरावीक माणसाला फोन करणं, गुत्त्याची वाट टाळून दुसरीकडून येणं. पोट रिकामं असताना ओढ वाढते, म्हणून कामावरून सुटताना खिशात शेंगदाणे-गूळ ठेवा, ही सूचना लहान वाटली तरी खूप कामाची आहे.

शेवटच्या सेशनमध्ये पुढच्या वर्षाचं कॅलेंडर उघडा आणि धोक्याचे दिवस खुणा करून घ्या: पगार किंवा हप्त्याचा दिवस, आठवडी बाजार, हळद, जत्रा, शिमगा, पोळा, गटारी, 31 डिसेंबर, निवडणुकीचा हंगाम. प्रत्येक दिवसापुढे एकच ओळ: त्या संध्याकाळी मी कुठे असेन.

माळ आणि देवळातली शपथ यांबद्दल समुपदेशकाने नाक मुरडू नये. ज्याला माळेचा आधार आहे त्याच्या बेतात ती पहिल्या ओळीत लिहावी. मात्र एक गोष्ट आधीच बोलून ठेवायची. एकदा घेतली गेली, की माणूस शरमेने माळ उतरवतो आणि ‘आता मोडलीच’ म्हणून महिनाभर पीत राहतो. घसरणं एका रात्रीचं असतं, त्याचं महिनाभराचं पिणं ही शरम करते. म्हणून ‘घेतली गेलीच, तर दुसऱ्या दिवशी सकाळी मी अमक्याला फोन करीन’ हे वाक्य रुग्णाकडून लिहून घ्यायचं.

खरं प्रशिक्षण: रेकॉर्डिंगचा तास

वर्ग संपला की सहा महिने देखरेखीखाली काम. गोव्यातही समुपदेशकांना वर्गानंतर असा प्रत्यक्ष कामाचा काळ होता आणि सेशनची रेकॉर्डिंग्ज समुपदेशकांच्याच गटात ऐकून तिथे गुण दिले जात. ही रचना उचलण्यासारखी आहे, कारण तिच्यात तज्ज्ञाचे तास कमी लागतात.

संमती सेशनच्या सुरुवातीला घ्यायची, ‘माझं काम सुधारावं म्हणून रेकॉर्ड करतोय, तुम्ही नाही म्हणालात तरी उपचार तेच राहतील’ असं सांगून. फाइलला नाव नको, सांकेतिक क्रमांक. समुपदेशकाच्या स्वतःच्या फोनवर ती आठवड्यापेक्षा जास्त राहता कामा नये आणि व्हॉट्सॲपवरून कधीच जाऊ नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो आणि लहान गावात तर तो हक्क मोडला की कार्यक्रमच बंद पडतो. बालकावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पोक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. गोपनीयतेची ही मर्यादा रुग्णाला पहिल्याच भेटीत सांगायची.

आठवड्यातून एकदा, पाच-सहा समुपदेशकांचा गट, दोन तास, दोन रेकॉर्डिंग्ज. प्रत्येकातला सलग 20 मिनिटांचा तुकडा सुपरवायझरने निवडायचा. समुपदेशकाला निवडू दिलं तर तो चांगलाच भाग आणतो. ऐकताना प्रत्येकाच्या हातात कागद आणि पाच रकाने: प्रश्न, साधे पडसाद, खोल पडसाद, परवानगीशिवाय सल्ला, वाद किंवा टोमणा. प्रत्येक वाक्याला एक रेघ. प्रेरणात्मक संवादाचं कौशल्य मोजणाऱ्या ‘मिटी’ या पद्धतीनुसार प्रश्नाला निदान एक पडसाद आणि पडसादांपैकी 40 टक्के खोल असले, तर काम ठीक. एका प्रश्नाला दोन पडसाद आणि निम्मे खोल असले, तर चांगलं. नवख्याच्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये पंधरा प्रश्न आणि दोन पडसाद निघतात. त्यात खचण्यासारखं काही नाही.

आकडे सगळ्यांनी न बोलता आधी लिहायचे, मग जाहीर करायचे. नाहीतर सगळे ज्येष्ठाच्या आकड्याकडे सरकतात. त्यानंतर क्रम पाळा: आधी समुपदेशक स्वतः बोलतो, मग गट एक गोष्ट सांगतो जी तशीच ठेवायची आणि एकच जी बदलायची. लगेच ती जागा पुन्हा लावायची, दोन मिनिटांवर थांबवायची आणि समुपदेशकाने तिथेच नवं वाक्य बोलायचं. हे पुन्हा बोलणं वगळलं तर तो तास नुसती चर्चा ठरतो. सात सूचना दिल्या तर एकही पाळली जात नाही.

स्वतःच्या अंदाजावर कोणालाही उत्तीर्ण करू नका. कार्यशाळा झाल्यावर समुपदेशकांना आपण खूप सुधारलो असं वाटतं, रेकॉर्डिंगमध्ये फरक थोडाच असतो, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. सलग तीन वेगवेगळ्या रुग्णांच्या रेकॉर्डिंगमध्ये ‘ठीक’ची पातळी गाठल्यावरच एकट्याने काम द्या. पुढेही अधूनमधून अभिप्राय हवाच. अनेक अभ्यास एकत्र पाहिले तर सहा महिन्यांत तीन-चार वेळा मिळालेला अभिप्राय कौशल्य टिकवायला पुरतो.

घरचे लोक

बायको किंवा आई विचारणारच: ‘चहातून द्यायचं औषध मिळेल का?’ याचं उत्तर वर्गात घोटून घ्या. डायसल्फिराम हे औषध डॉक्टरनेच, तपासण्या करून, रुग्णाच्या संमतीने आणि शेवटच्या घोटानंतर किमान 12 तासांनी सुरू करायचं असतं. ते पोटात असताना दारू प्यायली तर तोंड लाल होणं, उलट्या, रक्तदाब कोसळणं असा त्रास होतो आणि तो जिवावर बेतू शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. चोरून दिल्यावर माणसाला आपल्याला काय होतंय हेच कळत नाही, आणि कळलं की घरातला विश्वास संपतो.

घरच्यांसाठी वेगळं सेशन ठेवा. तिथे शिकवायचं असं: प्यायलेल्या अवस्थेत वाद घालू नका, त्याने उधारी केली तर फेडू नका, कामावर ‘ताप आहे’ असं खोटं कळवू नका, आणि न प्यायलेल्या संध्याकाळी मात्र आवर्जून सोबत जेवा. मारहाण होत असेल तर आधी बाईची सुरक्षितता. महिला हेल्पलाइनचा 181 आणि आपत्कालीन मदतीचा 112 हे क्रमांक तिच्याकडे हवेत, तिला जोडीने समुपदेशनाला बसवायचं नाही. नवऱ्याची दारू सोडवण्याची जबाबदारी तिच्या पदरात पडू देऊ नका.

कुठे कुठे फिसकटतं

दुसऱ्या सेशनला न येणं ही सर्वांत मोठी गळती. पहिल्या सेशनच्या शेवटी पुढची तारीख आणि वेळ बाजाराच्या दिवसाशी जुळवून द्या, आदल्या संध्याकाळी फोन करा आणि नाही आला तर तीन दिवसांत घरी जा, मात्र ‘दारूचं समुपदेशन’ असा उच्चार दारात करू नका. रक्तदाबाची तपासणी हे खरं आणि साधं कारण ठेवा, आणि तपासणी प्रत्यक्ष कराच.

प्यायलेल्या अवस्थेत आलेल्या रुग्णाला हाकलू नका आणि सेशनही घेऊ नका. पाणी द्या, धोक्याच्या खुणा बघा, उद्याची वेळ द्या.

सुपरवायझरवर पाच-सहापेक्षा जास्त समुपदेशक टाकले की रेकॉर्डिंगचा तास आधी पंधरवड्यावर, मग महिन्यावर जातो आणि समुपदेशक हळूहळू उपदेशाकडे परततात. त्यामुळे सहाव्या महिन्यानंतर जो समुपदेशक गुण देताना सुपरवायझरच्या जवळपास राहतो, त्याला गट चालवायला शिकवा. सुपरवायझरने महिन्यातून एकदा येऊन त्याचे आणि आपले गुण ताडून पाहावेत. एकाच तुकड्यात दोघांच्या पडसादांच्या मोजणीत चार-पाचचा फरक पडू लागला, तर त्या आठवड्याचा गट फक्त मोजणीच्या सरावाला द्यावा.

नोंदी कमीत कमी ठेवा: सुरुवातीचे ऑडिटचे गुण, मागच्या 14 दिवसांत न प्यायलेले दिवस, झालेली सेशन्स, कुठे पाठवलं आणि तो तिथे पोहोचला का. तीन आणि बारा महिन्यांनी ऑडिट पुन्हा घ्यायचं, ते त्याच समुपदेशकाने नव्हे, दुसऱ्याने. आपल्याच समुपदेशकाला नाराज करायला रुग्णाला जड जातं, म्हणून त्याच्यासमोर आकडे नेहमी थोडे बरे येतात.